इव्हेंट कमी पडले

आमच्या सरांना कोणाची ओळख करून दिली की ते आधी त्याच्या पायांकडे बघत. तोंडाकडे नंतर, आणि तेही जमलं तर. घोट्याच्या वर आंगठा दाबायचा, खड्डा पडतो का बघायचं, पडलेला खड्डा भरायला किती वेळ लागतो ते बघायचं, आणि मगच त्यांना माणूस कळल्यासारखं वाटायचं. हृदय थकलं की पाणी पायांत उतरतं, एवढंच त्यामागचं कारण. पण ही सवय त्यांनी सांगलीतच ठेवून यायला हवी होती. लखनऊमध्ये पांढऱ्या केसांचा, चष्मेवाला गृहस्थ दारात वाकला की समोरचे आजोबा गहिवरतात. "अरे अरे, ये क्या कर रहे हैं प्रोफ़ेसर साहब! जीते रहिए, जीते रहिए," म्हणत डोक्यावर हात ठेवतात. सर तोवर त्यांचा पायमोजा खाली सरकवत असत. आशीर्वाद संपेपर्यंत आंगठा दाबून झालेला असे, आणि उठता उठता ते मला मराठीत सांगत, "बरीच सूज आहे. लिही." त्या शहरात इतके आशीर्वाद मिळवलेला दुसरा शास्त्रज्ञ मला माहीत नाही. बढती मात्र मिळत नव्हती.

मी सोलापूरहून त्यांच्या प्रकल्पात संशोधन सहायक म्हणून आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. मोबाईल तेव्हा नुकते घरोघर येत होते आणि गोमतीपलीकडे मॉल उगवत होते. मराठी मुलगी म्हणून सरांनी मला घेतलं, असा आमच्या संस्थेत समज होता. तो खरा नव्हता. मुलाखतीला बाकीच्यांनी पुस्तकातलं बरंच विचारलं. सरांनी एकच विचारलं, "उद्या पाऊस पडेल का?" मी म्हटलं, "कुणास ठाऊक." सर शेजारच्यांना म्हणाले, "घ्या हिला."

कारण सर स्वतः कशाचंच भाकीत करत नसत. आंबेवाल्याने "मीठा निकलेगा" म्हटलं की ते त्याच्याशी भांडायला उठत. एक आंबा गोड निघाला म्हणून पेटीबद्दल काय सांगता येतं, असा त्यांचा सवाल. हा सवाल ते अस्सल सांगलीच्या हिंदीत टाकत, त्यामुळे आंबेवाला घाबरून भाव उतरवायचा. छावणीतल्या एका मराठी कर्नलसाहेबांच्या मुलीच्या लग्नात कोणीतरी कौतुकाने म्हणालं, "जोडा सुखी होईल हो!" सर जिलेबी हातात धरून गंभीरपणे म्हणाले, "नमुना फार लहान आहे." काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, त्यांना तिथून हाताला धरून नेलं.

गंमत अशी, की या माणसाचा धंदाच भाकिताचा होता. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की हृदय स्वतःच रक्तात एक प्रथिन सोडतं. ताण जितका जास्त, तितकं प्रथिन जास्त. ते मोजून कोणता रोगी पुन्हा दवाखान्यात येणार आणि कोणता आता कुठेच येणार नाही, याचा अंदाज बांधायला बाहेरच्या देशांत सुरुवात झाली होती. सरांचं म्हणणं, तिकडची मोजपट्टी इकडे चालायची नाही. आपली माणसं हडकुळी, दवाखान्यात येतात उशिरा, आणि बरं वाटलं की गोळ्या बंद करतात. तेव्हा आपला आकडा आपणच शोधायचा. शहरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यातून हृदयाचे रोगी घरी सोडले जात. त्या दिवशी आम्ही त्यांचं थोडं रक्त घ्यायचो, आणून मोजायचो, आणि मग काही वर्षं नुसती वाट बघायचो. कशाची, ते उघड होतं. मोठा आकडा असलेली माणसं लवकर गेली की सरांचा मार्कर, म्हणजे ते प्रथिन, खरा ठरणार होता.

सर मरणाला मरण म्हणत नसत. 'इव्हेंट' म्हणत. त्या क्षेत्रात सगळेच म्हणतात. पण सरांच्या तोंडी तो शब्द असा बसला होता, की काकूंच्या माहेरून वाईट बातमीचा फोन आला तेव्हाही ते मला म्हणाले, "आज लवकर जातो, घरी इव्हेंट झाला आहे." मी अभिनंदन करता करता वाचले.

निकाल चांगला लागला, तर हाच अभ्यास देशातल्या बऱ्याच शहरांत होणार होता. त्याचे प्रमुख सर असणार होते, आणि दोनदा अडलेली त्यांची बढती निवृत्तीच्या आत पदरात पडणार होती. माझी नोकरीही त्याच दोरीला बांधलेली. थोडक्यात, आम्ही सगळी सभ्य माणसं होतो आणि पुरेसे इव्हेंट होण्याची वाट बघत बसलो होतो.

ब्लाइंड राहण्याबद्दल सर अतोनात कडक होते. रक्त मोजणाऱ्याला ते कोणाचं हे माहीत नसावं, आणि माणसाला भेटणाऱ्याला त्याचा आकडा माहीत नसावा. नळीवर फक्त सांकेतिक खूण. कोणती खूण कोणाची, हे एका पाकिटात बंद. मोजायचं काम सर करत, लोकांना फोन करून विचारपूस करायचं काम माझं. एकदा मी नुसतीच एक नळी उजेडात धरून "हे त्या विकास नगरच्या मास्तरांचं असेल का हो सर?" म्हणाले. त्यावर सरांनी मला उभं करून जे झापलं, ते ऐकून शेजारच्या खोलीतले लोक दारात आले. "आकडा कळला की हात बदलतो!" सर ओरडत होते. "नजर बदलते, आवाज बदलतो, प्रश्न बदलतो! मग ते विज्ञान राहत नाही, नातेवाईकपणा होतो!" मी रडले. दुपारी त्यांनी माझ्या टेबलावर गजकचा, म्हणजे तिकडच्या तीळगुळाच्या वड्यांचा, पुडा ठेवला आणि काही न बोलता गेले. माफी मागायची त्यांची पद्धत होती ती. पाकीट कोणाकडे असावं, याची मात्र मोठी अडचण झाली होती. सरांनी सगळ्या संस्थेचा विचार केला, एकेकाला बाद केलं, आणि शेवटी पाकिटाला लाख लावून ते स्वतःच्याच कपाटात ठेवलं. पूर्ण विश्वास टाकावा असा एकच माणूस त्यांच्या माहितीत होता.

उन्हाळ्यात लाइट जायची ती जायचीच. एका जूनमध्ये ट्रान्सफॉर्मर उडाला, जनरेटरनेही मान टाकली, आणि फ्रीजरमधलं सगळं रक्त उतू जाणाऱ्या दुधासारखं वेळेशी झुंजायला लागलं. सर स्कूटर काढून एका कुल्फीवाल्याकडे गेले, त्याचा सगळा बर्फ आणि पोतंभर खडे मीठ घेऊन रिक्षातून आले आणि नळ्यांच्या पेट्या त्यात पुरून बसले. हृदयरोग्यांच्या ताटातून मीठ हद्दपार करायला निघालेल्या माणसाने मिठाची बाजू आयुष्यात तेवढी एकदाच घेतली.

फोनवर विचारपूस करणं हे सोपं काम नव्हतं. "आपले वडील जिवंत आहेत का?" असं कोणाला विचारता येत नाही, आणि लखनऊत तर नाहीच नाही. सरांनी मला शिकवलं होतं, आधी "साहब से बात हो सकती है?" असं विचारायचं. "बाज़ार गए हैं" म्हणाले की नोंद झाली. पलीकडे शांतता पसरली की गप्प बसायचं आणि ऐकायचं. एका घरी सून म्हणाली, "बाबूजी तो शांत हो गए." मला वाटलं, पूर्वी फार चिडत असतील. मी आनंदाने "बहुत अच्छा" म्हणाले. त्यानंतर दोन दिवस सरांनी तो फोन माझ्या हातून काढून घेतला होता.

त्याच काळात रोडवेजचे एक बसड्रायव्हर आमच्या अभ्यासात होते. अघळपघळ, हसरा माणूस. रक्त देताना सरांना म्हणाले होते, "हमारा ख़ून डीज़ल जैसा गाढ़ा है साहब, आपकी मशीन ख़राब हो जाएगी." सर पुष्कळ हसले होते. दवाखान्यातून घरी गेल्यावर थोड्याच आठवड्यांत ते गेले. फोन सरांनीच केला होता. बायकोने सांगितलं ते त्यांनी ऐकलं, "जी, जी" म्हणाले, फोन ठेवला आणि मशीनकडे बघत बसले. मी विचारलं, "सर, इव्हेंट लिहू का?" ते नुसते मानेने हो म्हणाले.

सरांना मित्र असा एकच होता, मानक नगरचे इंजिनियरसाहेब. रेल्वेच्या संशोधन कचेरीत पुलांचं काम करणारे, मूळचे अमरावतीचे, आवाजाने आणि देहाने दणकट. दोघांची मैत्री मराठी मंडळाच्या गणपतीत भांडून झाली होती आणि भांडणावरच टिकून होती. इंजिनियरसाहेबांना हृदयाचा झटका आला, हृदयाची ताकद निम्म्यावर आली, आणि दवाखान्यातून सुटताना रीतसर त्यांचंही रक्त आमच्याकडे आलं. त्यानंतर सर मला घेऊन त्यांना भेटायला गेले. आत गेल्याबरोबर सर वाकले. दार उघडणाऱ्या मुलाने हिंदीत आईला हाक मारली, "मम्मी, अंकल फिर पापा के पैर देख रहे हैं." इंजिनियरसाहेबांच्या बायकोला सगळं मंडळ वहिनी म्हणायचं. त्या आतून म्हणाल्या, "बघू दे बाबा, बघायला काय लागतं."

"डॉक्टर, माझा आकडा सांगा," इंजिनियरसाहेब म्हणाले.

"माहीत नाही. अभ्यास ब्लाइंड आहे."

"अन् माहीत असता तर?"

"तरी सांगितला नसता. तो आकडा तुमचा नसतोच. तुमच्यासारख्या पुष्कळ जणांचा मिळून असतो."

"वा! म्हणजे मरायचं मी एकट्यानं, अन् आकडा सगळ्यांचा!" इंजिनियरसाहेब उशीवरून उठले. "अरे यार डॉक्टर, आम्ही पुलाला तारीख देतो. अमक्या सालापर्यंत टिकेल, म्हणून लिहून सही करतो. तुम्हाला माणसाला देता येत नाही?"

"मग तुम्ही दिलेल्या तारखेला पूल पडतो का?" सर फणकारले.

"पडतो कसा? त्याच्या आधी आम्ही जाऊन दुरुस्त करतो ना! पडायची वाट बघत नदीकाठी बसतो का काय?"

चहा पिऊन, वहिनींचं लोणच्याचं ताट दूर सरकवून सर उठले. वादात हरले म्हणून गप्प बसले, असं मला वाटलं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

यानंतर काकूंच्या लोणच्याचं प्रकरण सुरू झालं. लिंबाचं, गुळातलं आणि मीठ अजिबात नसलेलं लोणचं. सरांनी फर्मान काढलं आणि काकूंनी ते घातलं. चव घेऊन त्या मला म्हणाल्या, "हे खाऊन माणूस जगेल गं, पण कशासाठी जगेल?" सर मात्र त्या बरण्या स्कूटरच्या डिकीत घालून गावभर हिंडायला लागले. मला ते उशिरा कळलं. फोन लागत नसले तर मी पत्ता शोधत घरी जायची. विकास नगरच्या निवृत्त मास्तरांकडे गेले, तर ताटाशेजारी काकूंची बरणी. झाकणावर काकूंच्या नेहमीच्या निळ्या कापडाची टोपी. "प्रोफ़ेसर साहब परसों ही तो आए थे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "हर दूसरे हफ़्ते आते हैं. अचार तो माशाअल्लाह बड़ा लज़ीज़ है." बरणी काठोकाठ भरलेली होती. घरात वजनकाटा होता. सरांनी मास्तरांना रोज सकाळी त्यावर उभं राहायला सांगितलं होतं. "अपनी तशरीफ काँटे पे रखिए," असं सर म्हणाले होते म्हणे, आणि ते वाक्य सांगताना मास्तरांना हसून हसून धाप लागली. मी त्यांना आधी पाणी दिलं.

छावणीतल्या एका म्हाताऱ्या सुभेदारांकडेही बरणी होती. तिथे गोळ्या खाटेशेजारी सकाळच्या वेगळ्या, दुपारच्या वेगळ्या अशा वाट्यांतून मांडलेल्या. वजन दोन दिवसांत वाढलं, की त्यांनी सरांना फोन करायचा, सर दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन करणार, आणि डॉक्टर गोळी वाढवणार, अशी सगळी व्यवस्था लागलेली. "साहब डाँटते बहुत हैं," सुभेदार अभिमानाने म्हणाले. पण शहरात अशीही पुष्कळ घरं होती, जिथे सरांना कोणी पाहिलंसुद्धा नव्हतं. तिथे मी फोन करायची, "बाज़ार गए हैं" ऐकायची आणि नोंद करायची. सर काही घरीच का जातात, याचा मी थोडा विचार केला आणि ठरवलं, की जिथे चहा चांगला मिळतो तिथे जात असतील. माझी अक्कल त्या वेळी तेवढीच चालली.

अभ्यासाची मुदत संपली. पाकीट फोडायचा दिवस आला. सरांनी नवा सदरा घातला होता. लाखेवर त्यांची सही होती आणि ते सही अशी निरखत होते, जणू दुसऱ्या कोणाची आहे. खुणांना नावं लागली, नावांना आकडे लागले. मोठ्या आकड्यांच्या गटातली नावं मी वाचायला घेतली. विकास नगरचे मास्तर. बरणी. छावणीतले सुभेदार. बरणी. सगळ्यात वर मानक नगरचे इंजिनियरसाहेब. त्यांच्याकडे तर दोन बरण्या. मी वाचत गेले आणि माझ्या डोळ्यांपुढे एकामागून एक निळ्या टोप्या येत गेल्या. चहाचा काही संबंध नव्हता. फक्त दोन नावांकडे बरणी नव्हती. ते दोघं पहिल्याच वर्षी गेले होते, त्यातले एक बसड्रायव्हर. बरण्या त्यानंतरच्या.

मी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "लाइट जायच्या आत आलेख काढून घे."

आलेखात किती जण जिवंत उरले ते दाखवणाऱ्या दोन रेघा असतात. एक लहान आकडेवाल्यांची, एक मोठ्या आकडेवाल्यांची. वर्षं सरतील तशी मोठ्यांची रेघ खाली खाली यायला हवी. आमच्या दोन्ही रेघा शाळेत निघालेल्या बहिणींसारख्या हातात हात घालून चालल्या होत्या. मी आयुष्यात पाहिलेला तो सगळ्यात निकम्मा आलेख.

प्रकल्पाचा निकाल तपासायला समिती दिल्लीहून आली. अध्यक्ष एक मोठे हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांनी समोसा खाल्ला, आलेख पाहिला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"प्रोफ़ेसर साहब, आपके हाई ग्रुप में तो इव्हेंट ही नहीं हैं."

"कम हैं," सर म्हणाले.

"इतने ऊँचे मार्कर के साथ ये लोग ज़िंदा कैसे हैं? इन्हें तो अब तक..." त्यांनी हाताने काहीतरी वर उडाल्याची खूण केली.

सर उभे राहिले. वीस वर्षं त्या शहरात राहून त्यांना तिथली अदब कुठे वापरावी हे कधी कळलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जी. उन सब की तरफ़ से मैं माफ़ी चाहता हूँ."

समिती हसली. मीसुद्धा हसले आणि मग मला हसल्याची शरम वाटली. अध्यक्षांनी सौम्य आवाजात विचारलं, "कोई वजह? कुछ ख़ास किया था इन मरीज़ों के साथ?" एक वाक्य पुरे होतं. "मी पाकीट उघडलं, आकडे बघितले, ज्यांचे मोठे होते त्यांच्या घरी गेलो," एवढं सरांनी म्हणायचं. नियम मोडला म्हणून बोलणी बसली असती. पण मार्कर खरा ठरला असता, आणि आकडा हातात धरून उपचार केले तर माणूस वाचतो, ही त्याहून मोठी गोष्ट पुढे आली असती.

सर म्हणाले, "नहीं. मार्कर कच्चा निकला."

प्रकल्प बंद झाला. मोठा अभ्यास दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या कोणाकडे गेला, आणि बढतीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. स्कूटर स्टँडवर मी सरांना गाठलं. मी इतकी चिडले होते की 'अहो-जाहो' कसंबसं सांभाळत होते.

"सर, तुम्ही खोटं का बोललात? मला झापलंत तेव्हा काय म्हणाला होतात? आकडा कळला की हात बदलतो!"

"बदलला ना," सर म्हणाले. "माझाच बदलला."

"मग सांगायचं होतं त्यांना! तुमचा मार्कर बरोबर होता!"

सरांनी हेल्मेट काढून आरशाला अडकवलं. "त्या ड्रायव्हरचा आकडा मी मोजला होता. कोणाचा ते माहीत नव्हतं. एवढा मोठा आकडा मशीनने किती स्वच्छ वाचला, म्हणून मी त्या दिवशी खूश होतो. घरी जाऊन हिला सांगितलंसुद्धा." त्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली. "आज खरं सांगितलं असतं, तर समिती काय म्हणाली असती? हुशार लोक आहेत ते. म्हणाले असते, नीट सिद्ध करा. अर्ध्यांच्या घरी जा, अर्ध्यांच्या घरी जाऊ नका, आणि फरक बघा. आणि तेच बरोबर आहे. तसंच करायला पाहिजे. पण ते माझ्याच्यानं होणार नाही. न जायच्या घरांत मास्तर निघाले तर?"

"दुसऱ्या कोणी केलं असतं."

"करेल की. ज्याला जमेल तो करेल. चांगलं विज्ञान आहे ते. मला जमलं नाही, एवढंच." मग त्यांनी किक मारली. स्कूटर सुरू झाली नाही. दुसरी मारली. मी म्हटलं, "सर, तुमची बढती आणि माझी नोकरी गेली की हो यात." ते म्हणाले, "तुझं मी बघतो." आणि खरोखरच त्यांनी महिनाभर लोकांच्या दारांत उभं राहून, जन्मात कोणासाठी वापरली नव्हती ती गोड भाषा वापरून, मला दुसऱ्या प्रयोगशाळेत चिकटवलं. माझा राग तरी बरेच दिवस गेला नाही. अजूनही कधी कधी येतो. तो आलेख नीट निघाला असता तर सरांचं नाव आज कुठे असतं, याचा विचार करून मी अजून चडफडते.

निवृत्तीनंतर लोक गावी जातात. काकूंनी सांगलीचं घर झाडून ठेवलं होतं. सर गेले नाहीत. विकास नगरात दोन खोल्यांत राहिले, आणि त्यांचं हिंडणं तसंच चालू राहिलं. मास्तर गेले, सुभेदार गेले, पण आपापल्या वयाने, सावकाश. मधूनमधून मी सरांकडे जायची. तेव्हा ते दुसऱ्या शहरातल्या त्या मोठ्या अभ्यासाचे निबंध चष्मा कपाळावर चढवून वाचत असायचे. "बरोबर आलं बघ त्यांचं," म्हणायचे. त्या आवाजात हेवा आहे का, ते मी कान देऊन ऐकायची. असायचा थोडा.

आलमबागेत मेट्रोचे खांब उभे राहत होते, त्या वर्षी इंजिनियरसाहेब गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी सरांना रिक्षातून घेऊन मानक नगरला गेले. वाटभर खोदकाम होतं. दारात मुलगा आला, आता तो कर्ता माणूस झाला होता. "अंकल, पापा सुबह आप ही को पूछ रहे थे," एवढंच तो म्हणाला आणि सरांच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिला.

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडून झालं होतं. सरांना समोर खुर्ची दिली, तर सर खालीच बसले. मग वहिनी म्हणाल्या, "भावजी, आता तरी सांगा. ह्यांचा आकडा काय होता? आयुष्यभर विचारत राहिले तुम्हाला."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वहिनींकडे पाहिलं. "फार मोठा होता, वहिनी. सगळ्यांत मोठा."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या आकड्याप्रमाणे लेकीचं लग्नसुद्धा त्यांच्या नजरेला पडायला नको होतं."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला आणि पदराआडून म्हणाल्या, "लग्न लावलं की त्यांनी. दोन्ही नातवंडांच्या बारशाचे पेढे स्वतः वाटले. मग तुमचं गणित चुकलंच म्हणायचं भावजी."

"चुकलं," सर म्हणाले. त्यांचा आवाज फुटला आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. रडत रडतच त्यांनी पुन्हा म्हटलं, "साफ चुकलं, वहिनी. साफ चुकलं." बरोबर आलेल्या कुठल्याही आकड्याचा त्यांना इतका अभिमान वाटलेला मी कधी पाहिला नव्हता.